गृहयुद्धातल्या कत्तलींबद्दल वाचताना खरं-खोटं कसं तपासायचं (स्पेन १९३६-३९ चं उदाहरण घेऊन)

कुठल्याही देशातलं गृहयुद्ध घ्या, त्यातल्या कत्तलींचा विषय निघाला की तीन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो असं काही झालंच नाही, सगळा प्रचार. दुसरा असा मोठा आकडा फेकतो की समोरच्याची बोलतीच बंद. आणि तिसरा म्हणतो अहो दोन्हीकडून झालं, आता उगाळून काय उपयोग. मला तिघांचाही सारखाच राग येतो, कारण तिघांनाही मेलेल्या माणसाशी काही घेणंदेणं नसतं, आजचा वाद जिंकायचा असतो बस.

म्हणून हे लिहितोय. इतिहासाची डिग्री नाही, स्पॅनिश येत नाही, हातात फक्त मोबाईल आहे अशा माणसाने अशा गोष्टी कशा तपासायच्या ते सांगायचंय. उदाहरण मुद्दाम स्पेनचं घेतलंय. आपल्यापैकी बहुतेकांची त्यात कुठलीच बाजू नाही त्यामुळे डोकं थंड राहतं, तिथे दोन्ही बाजूंनी कैदी आणि साधे नागरिक मारले, दोन्ही बाजूंनी त्याबद्दल खोटं बोललं गेलं, आणि नंतर गावोगावी लोकांनी बसून नावानिशी मोजणी केली, म्हणजे आपण तपासलेलं बरोबर आलं का हे ताडून बघता येतं. एकदा स्पेनवर हात बसला की हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही युद्धाला लावता येते.

पार्श्वभूमी थोडक्यात. १७-१८ जुलै १९३६ ला लष्करातल्या एका गटाने निवडून आलेल्या रिपब्लिक सरकारविरुद्ध बंड केलं. अर्धा देश बंडखोरांच्या हातात गेला, अर्धा सरकारकडे राहिला. फ्रँको बंडखोरांचा प्रमुख झाला, त्याच्या मदतीला जर्मनी आणि इटली, सरकारच्या मदतीला सोव्हिएत युनियन आणि जगभरातून आलेले स्वयंसेवक. १ एप्रिल १९३९ ला युद्ध संपलं आणि फ्रँको १९७५ पर्यंत म्हणजे मरेपर्यंत सत्तेत राहिला. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचा खूप संबंध येणार आहे.

आधी तारीख आणि ताबा

कुठलाही दावा समोर आला की पहिले दोन प्रश्न हेच, कुठल्या तारखेला आणि त्या तारखेला ते गाव कोणाच्या ताब्यात होतं. हे एवढं केलं तरी निम्मा कचरा गळून पडतो. बादाखोस हे पोर्तुगालच्या सीमेजवळचं शहर, १४ ऑगस्ट १९३६ ला बंडखोरांनी घेतलं, कर्नल यागुएच्या हाताखाली परदेशी लिजन आणि मोरोक्कन सैनिक होते. त्यामुळे १४ नंतर तिथे जे झालं त्याचा जाब बंडखोरांनाच द्यायला लागेल. पाराकुएयोस हे माद्रिदच्या बाहेरचं गाव, नोव्हेंबर १९३६ मध्ये ते सरकारच्या बाजूला होतं, तिथल्या कत्तलीचा जाब त्या बाजूला. साधी गोष्ट वाटते ना, पण कितीतरी पोस्टमध्ये गाव बरोबर असतं आणि महिना चुकीचा, आणि महिना बदलला की खुनीच बदलतो.

एक वही करा किंवा फोनमधली नोट चालेल. त्यात तारीख, गाव, ताबा कोणाचा, कोणी मारलं, मारले गेले ते कोण (कैदी, शरण आलेले, गावकरी, पळून चाललेले लोक), कोणी सांगितलं, आणि त्याने ते कधी सांगितलं. शेवटचे दोन रकाने सगळ्यात जास्त कामाचे.

कोणी सांगितलं, कुठे उभं राहून सांगितलं

बादाखोसवर जरा वेळ घालवतो, कारण साक्ष कशी तोलायची हे तिथे फार छान शिकता येतं. शहर पडलं, शरण आलेल्यांना आणि संशयितांना बुलरिंगमध्ये म्हणजे बैलझुंजीच्या मैदानात नेऊन गोळ्या घातल्या. माणूस लढला होता की नाही हे ठरवायला शर्ट बाजूला करून खांद्यावर बंदुकीच्या दस्त्याचा वळ आहे का ते बघत होते. वळ दिसला की संपलं. सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये पळालेल्या कितीतरी लोकांना पोर्तुगीज पोलिसांनी पकडून परत बंडखोरांच्या हवाली केलं.

आता साक्षीदार बघा. मारिओ नेव्हेस हा दियारिओ द लिस्बोआ पेपरचा तरुण पोर्तुगीज पत्रकार, १५ ऑगस्टला दोन फ्रेंच पत्रकारांबरोबर शहरात पोचला. त्याने रस्त्यावरची प्रेतं पाहिली, नंतर स्मशानात प्रेतांचे ढीग जाळताना पाहिले, आणि हे त्याने लिहिलं तेव्हा पोर्तुगालच्या सेन्सॉरने तो मजकूर छापूच दिला नाही. इथे थांबून विचार करा. पोर्तुगालची सत्ता, म्हणजे सालाझार, बंडखोरांच्या बाजूची. तिथल्या पत्रकाराला बंडखोरांना बदनाम करून काही मिळणार नव्हतं, उलट त्रासच होणार होता. ज्या माणसाला सांगून तोटा होतो त्याची साक्ष वजनदार, हा नियम कायमचा डोक्यात ठेवा.

दुसरा साक्षीदार जे ॲलन, शिकागो ट्रिब्यूनचा. त्याचा रिपोर्ट ३० ऑगस्टला छापून आला, त्यात बारा तासांत अठराशे माणसं मारल्याचं आहे. हा रिपोर्ट जगभर गाजला. पण तारखा नीट बघितल्या तर तो शहरात पोचला तो कत्तलीनंतर आठवड्याहून जास्त दिवसांनी. म्हणजे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक आणि तिथल्या लोकांनी त्याला सांगितलेलं दुसरं, हे दोन्ही त्याच रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी आहे. यामुळे तो खोटा ठरत नाही, बिलकुल नाही. फक्त अठराशे हा आकडा ऐकीव आहे एवढी नोंद वहीत करायची.

तिसरा जॉन व्हिटेकर, तोही अमेरिकन पत्रकार. त्याने लिहिलंय की यागुएला विचारलं तर तो म्हणाला अर्थातच आम्ही त्यांना गोळ्या घातल्या, माझी तुकडी पुढे धावत असताना चार हजार लाल म्हणजे डाव्या लोकांना मी बरोबर घेऊन फिरणार होतो काय. आता गंमत नाही, फार गंभीर गोष्ट आहे ही, की त्या वाक्यातले चार हजार हे पुढे मेलेल्यांचा आकडा म्हणून फिरायला लागले. सेनापतीने बोलण्याच्या भरात म्हटलेला आकडा म्हणजे मोजणी नव्हे. पण त्याने कत्तल नाकारली नाही, कारण सांगितलं, आणि ती कबुली म्हणून फार मोठी आहे. एकाच वाक्यातला आकडा कच्चा आणि कबुली पक्की असू शकते, दोन्ही वेगवेगळं तोलायला शिका.

बादाखोसच्या मृतांचे अंदाज पाचशेपासून चार हजारांपर्यंत जातात. बंडखोरांचे समर्थक कित्येक वर्षं म्हणत राहिले की बुलरिंगमध्ये असं काही झालंच नाही, पत्रकारांनी रचलं. पाथे कंपनीचा कॅमेरामन रेने ब्रुट याने तिथली प्रेतं फिल्मवर घेतली होती, पुढे बंडखोरांनी त्याला अटक केली. ते मैदानही आता नाही, पाडून त्या जागी कॉन्फरन्स सेंटर बांधलंय. जागा पुसली की नाकारणाऱ्याचं काम सोपं होतं, म्हणून जागेचं पुढे काय झालं हेही वहीत लिहून ठेवत जा.

आकडा आला की नावं विचारा

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं हेच आहे. आकडा कोणीही वाढवू शकतो कोणीही कमी करू शकतो, नावांच्या यादीला मात्र हात लावणं अवघड. नाव म्हटलं की वय येतं, गाव येतं, धंदा येतो, कोणाचा तरी बाप असतो कोणाची तरी बहीण असते, आणि मग खोटं घुसवायला जागाच उरत नाही.

गेर्निका घ्या, उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातलं, सरकारच्या बाजूचं गाव. पिकासोच्या त्या प्रसिद्ध चित्रामुळे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. जर्मनीच्या कोंडोर लिजनने, म्हणजे बंडखोरांच्या मदतीला पाठवलेल्या हवाई तुकडीने, आणि इटालियन विमानांनी गाव जाळून टाकलं. लंडनच्या टाइम्सचा पत्रकार जॉर्ज स्टीअर त्याच रात्री तिथे पोचला, आगीच्या उजेडात लोकांशी बोलला, न जळलेल्या बॉम्बच्या नळकांड्यांवर जर्मन शिक्का बघितला, आणि २८ तारखेला बातमी छापून आली. फ्रँकोच्या मुख्यालयाने काय सांगितलं माहितीये, की बास्क लोकांनीच माघार घेताना आपलं गाव आपणच जाळलं. हे खोटं स्पेनमध्ये कित्येक दशकं शाळेतल्या मुलांपर्यंत पोचवलं गेलं.

बास्क सरकारने मृतांचा आकडा १,६५४ दिला. नंतरच्या संशोधकांनी एकेक नाव शोधत मोजलं तेव्हा बहुतेकांचे अंदाज १५० ते ३०० च्या आसपास आले. एवढा फरक का पडला तर तीन दिवसांनी २९ एप्रिलला बंडखोरांनी गाव घेतलं, ढिगाऱ्याखालची मोजणी अर्धवटच राहिली, आणि निर्वासित इकडे तिकडे पांगले. आता काही जण हा कमी झालेला आकडा घेऊन नाचतात की बघा खोटं होतं. अहो खोटं काय होतं? बाजारच्या दिवशी उघड्या गावावर तीनेक तास बॉम्ब टाकले ते खरं, विमानं जर्मन होती ते खरं, १९९७ मध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी वाचलेल्या लोकांकडे ती जबाबदारी मान्य केली. आकडा उतरला म्हणून गुन्हा उतरत नाही. आणि हेही खरं की आधी मोठा आकडा धरून बसल्यामुळेच नाकारणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळालं. म्हणून पहिल्यापासून नावावर राहायचं.

उलटं उदाहरण पाराकुएयोसचं. नोव्हेंबर १९३६, बंडखोर माद्रिदच्या वेशीवर, ६ तारखेला सरकार वालेन्सियाला निघून गेलं, आणि माद्रिदच्या तुरुंगांत हजारो कैदी, त्यात लष्करी अधिकारी, उजव्या पक्षांची माणसं, धर्मगुरू, काही नुसतेच संशयित. ७ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंत मधेमधे त्यांना बसमध्ये घालून, दुसऱ्या तुरुंगात हलवतोय म्हणून सांगून, पाराकुएयोस आणि तोरेखोनच्या बाजूला नेलं आणि खंदकाच्या कडेला उभं करून मारलं. असं तुरुंगातून कैदी काढून नेण्याला तिथले लोक साका म्हणतात, आणि घरातून उचलून रात्री फिरायला नेतो म्हणून मारण्याला पासेओ. हे दोन शब्द लक्षात ठेवा, सर्च करताना फार उपयोगी पडतात.

फ्रँकोच्या राजवटीत पाराकुएयोसचा आकडा बारा हजारांपर्यंत नेला गेला. तुरुंगांच्या याद्या, कोण बाहेर काढला कोण पोचला कोण पोचलाच नाही असं ताडून बघितल्यावर बहुतेक इतिहासकार दोन ते अडीच हजारांवर येतात. दोन हजार हात बांधलेले कैदी! हा काय छोटा आकडा आहे? त्याला सहापट करायची गरज कोणाला पडते, तर ज्याला त्या मेलेल्यांचा उपयोग करून घ्यायचाय त्याला.

आणि धर्मगुरूंचं बघा. सरकारच्या बाजूच्या प्रदेशात मारले गेलेले पाद्री, भिक्षू, नन मिळून ६,८३२, हा आकडा १९६१ मध्ये आला, फ्रँकोच्याच काळात, चर्चच्या माणसाने काढलेला. तरीही फ्रँकोच्या विरोधातले इतिहासकार सुद्धा आज थोड्याफार फरकाने हाच आकडा वापरतात. का? कारण तो नावं मोजून काढलेला होता. माणूस कुठल्या बाजूचा यापेक्षा त्याने काम कसं केलं हे बघा.

हुकूम होता की झुंड

हा प्रश्न अवघड आहे पण टाळू नका. खून कुठे ठरला, वर की रस्त्यावर. बंडखोरांच्या बाबतीत कागद बोलतात. जनरल मोलाने बंडाच्या आधीच गुप्त सूचनांत लिहिलं होतं की कारवाई अत्यंत हिंसक असली पाहिजे. जनरल केइपो दे यानो सेव्हियाहून रोज रात्री रेडिओवर उघडपणे मारण्याच्या आणि बायकांवर अत्याचाराच्या धमक्या द्यायचा. म्हणजे दहशत हा योजनेचाच भाग होता. सरकारच्या बाजूला सुरुवातीच्या महिन्यांत पोलीस आणि कोर्ट यंत्रणाच कोसळली होती, मिलिशियांच्या म्हणजे पक्ष-संघटनांच्या सशस्त्र टोळ्यांच्या हातात बंदुका आल्या, आणि बरीच हत्या त्या अराजकात झाली.

पण एवढ्यावर थांबून सरकारची बाजू धुऊन काढू नका, कारण पाराकुएयोस हे झुंडीचं काम नव्हतं. बस आल्या, याद्या आल्या, कागदावर सही झाली. अराजकवादी (कुठलीच राज्यसत्ता नको म्हणणारे, पण या युद्धात सरकारच्या बाजूने लढणारे) संघटनेच्या स्वतःच्या दप्तरात एका बैठकीचं टिपण सापडलंय, त्यात कैद्यांचे गट पाडलेत आणि पहिल्या गटापुढे लिहिलंय ताबडतोब मारणे, जबाबदारी झाकून. मारणाऱ्या बाजूच्याच कपाटातून निघालेला कागद, त्याच्यापुढे शत्रूने लिहिलेली शंभर पानं कमी पडतात. त्या वेळी माद्रिदच्या सुव्यवस्थेची जबाबदारी सान्तियागो कारियोकडे होती, त्याला किती माहीत होतं यावर आजही वाद आहे, त्यामुळे तिथे वादग्रस्त असंच लिहायचं, आपल्या मनाने निकाल द्यायचा नाही.

क्रमही बघायचा असतो. बादाखोसची बातमी पसरली, माद्रिदमध्ये संताप भडकला, आणि २२ ऑगस्टच्या रात्री मोडेलो तुरुंगात घुसून कैदी मारले गेले. एकाचं कारण दुसऱ्यात दिसतं. पण कारण दिसलं म्हणजे माफी झाली असं नाही, मोडेलोमधल्या त्या माणसांनी बादाखोसला कोणाला गोळी घातली नव्हती.

सरकारी कागद कसे वाचायचे

स्पेनमध्ये जन्म-मृत्यूची नोंद गावच्या सिव्हिल रजिस्टरमध्ये होते आणि संशोधकांचं निम्मं आयुष्य तिथे जातं. मारलेल्या माणसाच्या नोंदीत गोळ्या घातल्या असं सहसा लिहिलेलं नसतंच. रक्तस्राव असं लिहितात, किंवा सशस्त्र दलाशी चकमक, किंवा युद्धकायद्याच्या अंमलबजावणीमुळे. शेतमजूर, वय बावीस, रक्तस्राव, आणि त्याच दिवशी त्याच गावात अजून अकरा जणांना रक्तस्राव, असं दिसलं की काय ते कळतं. कित्येकांची नोंद वर्षानुवर्षं झालीच नाही, कारण नोंदवायला जायलाच बायको घाबरत होती. १९७९ मध्ये घरच्यांना पेन्शन देणारा कायदा आला तेव्हा चाळीस वर्षांनी कितीतरी मृत्यू नोंदले गेले. म्हणून नोंदीची तारीख आणि मृत्यूची तारीख दोन्ही बघायच्या.

इथे फ्रँकोची ती लांब सत्ता आठवा. जिंकलेल्यांनी १९४० मध्ये काउसा खेनेराल नावाची देशभर चौकशी सुरू केली, फक्त हरलेल्या बाजूच्या गुन्ह्यांची. आपल्या मेलेल्यांना उकरून मानाने पुरलं, कुटुंबांना सोयी दिल्या, नावं चर्चच्या भिंतींवर कोरली. हरलेल्यांचे मेलेले रस्त्याकडेच्या खड्ड्यात राहिले. त्यामुळे एका बाजूचे कागद भरपूर आणि दुसऱ्या बाजूचे तुटपुंजे, हा फरक युद्धातला नाही, नंतरच्या सत्तेचा आहे. काउसा खेनेरालचे कागद आज स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांच्या पारेस नावाच्या पोर्टलवर स्कॅन करून ठेवलेत, फुकट बघता येतात. त्यात साक्षी, फोटो, नावं खूप आहेत, वापरा, पण एका बाजूची फिर्याद वाचतोय हे विसरू नका, त्या कागदांवर नंतर लोकांना फाशी आणि गोळ्या झाल्यात.

माती काय सांगते

२००० सालच्या ऑक्टोबरमध्ये लेओन प्रांतातल्या प्रिआरान्सा देल बिएर्सो गावाजवळ एका नातवाने आपल्या आजोबांचा खड्डा उघडायला लावला. तेरा माणसं निघाली, १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये मारलेली. पुढे आजोबांची ओळख डीएनएवरून पटली आणि त्यानंतर स्पेनभर उत्खननाची लाटच आली. सामूहिक कबर उघडल्याचा रिपोर्ट वाचताना बघायचं काय, तर गोळी कवटीच्या मागून आहे का, हात बांधलेले आहेत का, काडतुसं जवळच पडलीत का, अंगावर गणवेश आहे की शेतातले कपडे. लढाईत मेलेला आणि बांधून मारलेला हा फरक हाडं स्पष्ट सांगतात, तिथे कोणाचा प्रचार चालत नाही.

पालेन्सियामध्ये एका बाईच्या सांगाड्याजवळ तान्ह्या बाळाचा रंगीत खुळखुळा सापडला. १९३६ मध्ये तिला गोळ्या घातल्या तेव्हा तो तिच्या जवळ होता. २०१९ मध्ये तो तिच्या मुलाच्या हातात दिला गेला, तोपर्यंत मुलगा ऐंशी ओलांडलेला म्हातारा झाला होता. हे वाचून मला कित्येक दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

आणि वालेन्सियाजवळचं पातेर्ना. युद्ध संपल्यानंतर, हो संपल्यानंतर, तिथे २,२३८ जणांना गोळ्या घातल्या. लेओन्सिओ बादिया नावाचा रिपब्लिकन माणूस, त्याला शिक्षा म्हणून तिथे कबरी खणायला लावलं होतं. तो चोरून मेलेल्यांच्या कपड्याचा तुकडा, बटण, केस काढून त्यांच्या बायकांना आयांना द्यायचा, आणि पुरताना प्रेताबरोबर नावाची चिठ्ठी बाटलीत घालून ठेवायचा, कधीतरी कोणीतरी उघडेल म्हणून. नावाचं महत्त्व त्या माणसाला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

कैद्यांबद्दल शोधताना म्हणूनच १ एप्रिल १९३९ ला थांबू नका. फ्रँकोच्या बाजूने जवळपास तीनशे छळछावण्या चालवल्या, मिरांदा दे एब्रोची तर १९४७ पर्यंत चालू होती. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्यामध्ये परदेशी स्वयंसेवक कैदी ठेवले होते, आणि वायेखो-नाखेरा नावाच्या लष्करी मानसोपचारतज्ज्ञाने मार्क्सवाद हा मानसिक दोष आहे हे सिद्ध करायला त्यांच्यावर तपासण्या केल्या.

फोटोंबद्दल फार लिहीत नाही. गूगल लेन्सवर टाका, सगळ्यात जुना छापलेला कुठे सापडतो बघा, दुकानांच्या पाट्यांची भाषा, गणवेश, हवामान त्या तारखेशी जुळतं का बघा. ओळ म्हणजे कॅप्शन ही फोटोचा भाग नसते, ती नंतर कोणीतरी लिहिलेली असते. तेवढं पुरे.

वाचवणाऱ्यांना शोधा

हे कोणी सांगत नाही पण फार कामाचं आहे. ज्या बाजूने कत्तल केली त्याच बाजूचा, ती थांबवायला उभा राहिलेला माणूस शोधा. मेल्चोर रोद्रीगेस हा सेव्हियाचा अराजकवादी, पूर्वी बुलफायटर, नंतर पत्र्याचं काम करणारा. तुरुंगांचा ताबा त्याच्याकडे आला आणि माद्रिदच्या साका थांबल्या. मधे त्याने राजीनामा दिला तर परत सुरू झाल्या, ४ डिसेंबरला तो परत आला तेव्हा कायमच्या थांबल्या. ८ डिसेंबरला आल्काला दे एनारेसमध्ये बॉम्बहल्ल्यानंतर खवळलेला जमाव तुरुंगात घुसायला आला, हा एकटा दारात उभा राहिला आणि आत दीड हजाराच्या आसपास राजकीय शत्रू जिवंत राहिले. त्याच्या पदावर असण्या-नसण्याच्या तारखा कत्तलींच्या तारखांशेजारी ठेवल्या की थांबवणं शक्य होतं हे कळतं, आणि परिस्थितीच तशी होती हो या पळवाटेला उत्तर मिळतं. तसाच दुसऱ्या बाजूला पोर्तुगालचा लेफ्टनंट सेशास, बारांकुसच्या सीमेवर त्याने सुमारे हजार निर्वासितांना परत न पाठवता आसरा दिला, त्यातले बहुतेक पुढे जहाजाने तारागोनाला सुखरूप पोचले.

आणि मालागाचा रस्ता. ८ फेब्रुवारी १९३७ ला मालागा पडलं, लाखभराहून जास्त माणसं समुद्राकाठच्या एकाच रस्त्याने आल्मेरियाकडे, दोनशे किलोमीटर, चालत निघाली आणि त्यांच्यावर समुद्रातून युद्धनौकांनी आणि वरून विमानांनी मारा केला. मृतांचे अंदाज तीन ते पाच हजार सांगतात, नावं फार थोडी आहेत, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच लिहायचा. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून जखमींना रक्त पुरवायची गाडी घेऊन तिथे होते, त्यांनी गाडी रिकामी करून मुलं आणि बाया भरून आल्मेरियाला फेऱ्या मारल्या आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. हेच बेथून पुढे चीनला गेले, तिथेच वारले, आणि त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलची जबाबदारी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे आली. कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले त्याचे प्रमुख डॉ. अटल हेही स्पेनमध्ये काम करून आलेले. कोटणीसांची गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून सांगतात, त्यात हा मालागाचा रस्ताही सांगायला हवा असं मला फार वाटतं.

दोन्ही बाजू एकत्र कशा मांडायच्या

आज बहुतेक अभ्यासक सरकारच्या प्रदेशात मारल्या गेलेल्यांचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास धरतात आणि बंडखोरांनी मारलेल्यांचा एक लाख तीस हजार किंवा त्याहून जास्त. हे दोन्ही लिहायचे, एकाच परिच्छेदात लिहायचे, आणि वजाबाकी करायची नाही. दोन्हीकडून झालं हे वाक्य खरं आहे पण अर्धवट आहे, कारण प्रमाण वेगळं, पद्धत वेगळी, आणि बंडखोरांच्या बाजूचं मारणं युद्धानंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं. आणि जास्त कोणी मारलं एवढंच धरून बसलं तर पाराकुएयोसच्या खंदकातला माणूस नुसता कमी आकड्यातला एक होऊन जातो, तेही चालणार नाही.

कायद्याबद्दल एवढंच, की युद्धकैद्यांचा १९२९ चा जिनिव्हा करार देशादेशांतल्या युद्धापुरता होता. गृहयुद्धातल्या कैद्यांना आणि नागरिकांना किमान संरक्षण देणारं सामाईक कलम तीन १९४९ च्या करारांत आलं. स्पेनमध्ये १९७७ च्या माफी कायद्यामुळे खटले झाले नाहीत, म्हणून काही कुटुंबांनी २०१० मध्ये अर्जेंटिनाच्या कोर्टात दाद मागितली. तेव्हा कोणालाच शिक्षा झाली नाही म्हणजे गुन्हाच नव्हता असा युक्तिवाद कोणी केला तर १९७७ ची ही तारीख त्याला दाखवा.

लिहिताना किंवा पुढे पाठवताना काही पथ्यं पाळा. प्रेतांचे फोटो टाकू नका, त्यांची नातवंडं जिवंत आहेत. आकडा देताना खालचा आणि वरचा दोन्ही द्या आणि कोणी मोजला ते द्या. पाहिलेलं, ऐकलेलं आणि नंतर मोजलेलं असे तीन वेगळे शब्द वापरा, मारले गेले असं मोघम लिहू नका, कोणी मारलं ते माहीत असेल तर कर्ता लिहा. स्पॅनिश पान ट्रान्सलेटवर टाकून वाचता येतं, फक्त गावांची नावं आणि तारखा मूळ पानावरून घ्या, ट्रान्सलेटमध्ये गावाच्या नावाचाही अर्थ लावून टाकतात. सुरुवात करायची असेल तर एकच गाव निवडा, त्याच्या नावापुढे फोसा कोमून म्हणजे सामूहिक कबर हे शब्द स्पॅनिशमध्ये टाकून सर्च करा, आणि यादी सापडली की आधी आकडा न बघता वरून पहिली दहा नावं, वयं आणि धंदे वहीत उतरवून घ्या.